परवाना, बत्तीस बोअर आणि पोलिसांचे नऊ मिलिमीटर: नागरिकाच्या हाती नेमके काय येते

स्वसंरक्षणासाठी कायदेशीर हत्यार ठेवायचे असेल, तर भारतात दोन गोष्टी घ्याव्या लागतात. पहिली सरकारची सेवा, म्हणजे शस्त्र परवाना. दुसरी बहुतेक वेळा सरकारी कारखान्यातच बनलेली वस्तू, म्हणजे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे व काडतुसाचे माप) रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल. या दोहोंचे परीक्षण वेगवेगळे करून उपयोग नाही. रिव्हॉल्वर असे का आहे याचे उत्तर परवान्याच्या नियमांत सापडते, आणि नियम असे का आहेत ते पोलिसांच्या कमरेच्या ९ मि.मी. पिस्तुलाशी तुलना केल्यावरच उमगते.

पोलिसांकडे नागरिकांपेक्षा भारी हत्यार असण्यात काहीच गैर नाही. अतिरेकी हल्ला परतवणे, गडचिरोलीच्या जंगलात गस्त घालणे, ओलीस सोडवणे ही नागरिकाची कामे नव्हेत. आक्षेप आहे तो फरकाच्या जागेला. प्रशिक्षण, हिशेब आणि जबाबदारी यांत फरक असायला हवा होता. प्रत्यक्षात तो काडतुसाच्या मापात ठेवला आहे. मापावर कडक पहारा आणि हाताळण्याच्या कौशल्याकडे काणाडोळा, अशी आजची रचना आहे, आणि तिचा तोटा नागरिकाला होतो तसाच पोलिसालाही होतो.

कायदा कोणाला लागू, कोणाला नाही

शस्त्र अधिनियम १९५९ चा, शस्त्र नियम २०१६ चे. कलम ३ म्हणते की परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस कोणी बाळगायचे नाही. कलम ४५ मात्र हा कायदा कोणाला लागू नाही ते सांगते: केंद्र सरकारच्या आदेशाने बाळगलेली शस्त्रे आणि लोकसेवकाने ‘आपल्या कर्तव्याच्या ओघात’ बाळगलेली शस्त्रे. पोलिसांची सूट याच तीन शब्दांवर उभी आहे. सूट वर्दीला नाही, कामाला आहे. फौजदाराला स्वतःच्या पैशांनी घरी खासगी रिव्हॉल्वर ठेवायचे असेल तर त्यालाही अर्ज करून परवानाच घ्यावा लागतो. निवृत्तीच्या दिवशी सरकारी हत्यार जमा होते आणि तो कायद्याच्या नजरेत साधा अर्जदार उरतो.

साधा म्हणावे, तर तसाही नाही. परवाना देताना खरी गरज कोणाची मानायची, याची यादी नियम १२ मध्ये आहे. दहशतवादाच्या छायेत राहणारे, गेली दोन वर्षे सक्रिय असलेले नेमबाज आणि संरक्षण दले, केंद्रीय सशस्त्र दले किंवा राज्य पोलीस दलात नोकरी करणारे व केलेले लोक तिथे नावानिशी येतात. रोज रात्री रोकड घेऊन घरी जाणारा पेट्रोलपंपचालक किंवा सराफ तिथे नावानिशी नाही, तो ‘व्यवसायाच्या स्वरूपामुळे खरी गरज असलेली व्यक्ती’ अशा मोघम शब्दांत येतो. त्याने धोका कागदावर सिद्ध करायचा: तक्रारींच्या प्रती, दखलपात्र गुन्ह्यांचे क्रमांक, रोकडीचे बँक तपशील. नियमांतली खरी विषमता इथे आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

तिची मुळे जुनी आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याला विरोध केला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये मांडला होता. राज्यघटनेत तो आला नाही. वंशावरची सूट गेली, पण राज्यकर्त्याचे काडतूस प्रजेच्या हाती पडू द्यायचे नाही हा विचार तसाच राहिला.

मापाची भिंत

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात अशी स्वयंचलित हत्यारे पहिल्या वर्गात येतात. त्यांवरची बंदी योग्यच आहे आणि ती उठवा असे कोणी जाणकार म्हणणार नाही. पण त्याच वर्गात पुढे काडतुसाच्या मापावरून बंदी येते: .३०३ आणि ७.६२ मि.मी.ची लष्करी काडतुसे झाडणाऱ्या रायफली, .४५५, .३८० आणि ९ मि.मी.ची सर्व्हिस काडतुसे झाडणारी पिस्तुले व रिव्हॉल्वर. बोलीभाषेत यांना ‘पीबी’ म्हणतात, म्हणजे प्रतिबंधित बोअर. उरलेले सगळे ‘एनपीबी’, म्हणजे अप्रतिबंधित बोअर. पीबीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून, तोही अपवादाने मिळतो. एनपीबीचा परवाना जिल्हाधिकारी देतात आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त.

या बंदीत काडतुसाच्या शक्तीपेक्षा सरकारी काडतुसाशी असलेले साम्य पाहिले जाते. लष्कराचे काडतूस चोरीला गेले तर ते खासगी बंदुकीत चालू नये, हा मूळ हेतू. म्हणून ब्रिटिश काळात .३०३ ऐवजी ऑस्ट्रियाच्या ८ मि.मी. मॅनलिखर काडतुसाचा आधार घेऊन .३१५ स्पोर्टिंग रायफल आली. तिची यंत्रणा लष्करी .३०३ ली-एन्फिल्ड रायफलीचीच आणि बोल्टही तसाच, बदलले ते काडतूस. ही रायफल आजही इशापूरच्या कारखान्यातून नागरिकांना मिळते. दूरवर मारा करणारी रायफल चालते, पण कमरेचे ९ मि.मी. पिस्तूल चालत नाही, हे सुरक्षेच्या कसोटीवर समजावून सांगणे अवघड आहे.

पुण्याच्या वाचकांना एक गोष्ट जवळची वाटेल. नागरिकांच्या .३२ रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी खूण असते. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. पोलिसांना लागणारे ९ मि.मी.चे काडतूसही खडकीच बनवते. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. एकाच फाटकातून दोन्ही काडतुसे बाहेर पडतात आणि तिथूनच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

फरक किती, ते आकड्यांत पाहू. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसात सुमारे ९८ ग्रेनची, म्हणजे ६.३ ग्रॅमची शिशाची गोळी असते. तिचा वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास आणि ऊर्जा दीडशे ज्यूलच्या थोडी खाली. .३२ एसीपी, म्हणजे पिस्तुलाचे काडतूस, जेमतेम पावणेदोनशे ज्यूलपर्यंत जाते. ९ मि.मी. पाचशेच्या घरात आहे. म्हणजे पोलिसाची एक गोळी नागरिकाच्या तीन गोळ्यांएवढी. शिवाय ९ मि.मी. १ए पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ गोळ्या बसतात, रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये ६. कमी शक्तीच्या काडतुसाचा एक फायदा जरूर आहे. धक्का कमी बसतो आणि दाट वस्तीत गोळी भिंत भेदून शेजारी जाण्याचा धोका घटतो. सदनिकेत राहणाऱ्याने हा फायदा मोजायलाच हवा. पण तो नियमकर्त्यांच्या मनात होता असे नियमांच्या शब्दांवरून दिसत नाही. तसे असते तर त्यांनी ऊर्जेची मर्यादा घातली असती, मापाची नव्हे.

वस्तू म्हणून .३२ कसे आहे

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्वर हे सर्वांत जास्त दिसणारे नागरी हत्यार. त्याची बनावट जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्वरच्या धाटणीची आहे: वरची कडी अंगठ्याने सोडली की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि मागून सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. नळी ३ इंच, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. रचना साधी आणि भाग थोडे, त्यामुळे न वापरता वर्षभर पडून राहिले तरी चालण्याची शक्यता पिस्तुलापेक्षा जास्त. घरात ठेवून क्वचित हाताळणाऱ्यासाठी हा मोठा गुण आहे.

दोष तीन. पहिला, घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबला तर तो जड आणि लांब जातो. त्या ओढीत नळीचे तोंड खाली झुकते किंवा उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी डावीकडे जाते. कोऱ्या पुंगळ्या, म्हणजे स्नॅप कॅप, भरून घरी कोरडा सराव केल्याशिवाय हे सुधारत नाही. त्याआधी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून सिलिंडर दोनदा तपासावे.

दुसरा दोष पुंगळ्या काढतानाचा. रिव्हॉल्वर हळूहळू उघडले तर पुंगळी अर्धी वर येते, पुंगळ्या वर ढकलणारा चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर तिच्यावरून सुटून खाली बसतो आणि पुंगळीची कड त्याच्याखाली अडकते. मग सिलिंडर मिटत नाही. उपाय एकच, एका झटक्यात पूर्ण उघडायचे आणि त्याच हालचालीत बाजूला कलते करून पुंगळ्या पाडायच्या. चांदणीखाली शिशाची व जळलेल्या दारूची काजळी साचली तर काडतूस नीट खाली बसत नाही, बूड मागच्या पोलादाला घासते आणि सिलिंडर फिरताना अडतो. प्रत्येक सरावानंतर तिथे टूथब्रश फिरवणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

तिसरा दोष काडतूस न फुटण्याचा. जुना, दमट जागी ठेवलेला साठा हे त्याचे नेहमीचे कारण. कोकण, गोवा, मुंबईच्या हवेत तर हमखास. काडतुसे चामडी पट्ट्यात ठेवू नयेत. चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी आणि जुने काडतूस आधी सरावात संपवावे. चाप दाबूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे. दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते.

नंतर आलेली मॉडेले या दोषांवरचे तोडगे आहेत. २०१४ चे ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आणि सुमारे ५०० ग्रॅमचे. महिलांसाठी म्हणून गाजावाजा झाला, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या आसपास. नोकरी करणाऱ्या किती महिलांना ते परवडणार होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. हलक्या हत्याराचा धक्का जास्त जाणवतो हेही विसरू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ ६७५ ग्रॅमचे, नळी ७६ मि.मी. आणि सिलिंडर बाजूला उघडणारा. ही सुधारणा खरी आहे. बिजागरीवर येणारा ताण जातो, चौकट एकसंध राहते. त्यात पुंगळ्या काढताना नळीचे तोंड वर करून एक्स्ट्रॅक्टरची दांडी तळहाताने जोरात दाबायची. तोंड खाली ठेवून दाबली तर इथेही पुंगळी चांदणीखाली जाते. ५० मीटर पल्ल्याची जाहिरात मनावर घेऊ नये. ३ इंची नळी आणि नेम धरायची स्थिर माशी असलेल्या हत्याराने सामान्य माणसाचा खरा पल्ला ७ ते १० मीटर, आणि स्वसंरक्षणाचे प्रसंगही त्याहून लांब घडत नाहीत.

पिस्तूल हवे असेल तर सरकारी कारखान्याचे ‘अशनी’ .३२ एसीपीत मिळते. चपटे असल्याने कपड्याखाली नीट बसते. त्याची नेहमीची तक्रार असते ती गोळी अडकण्याची आणि दोष बहुधा काडतूस भरण्याच्या पद्धतीत असतो. .३२ एसीपीच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की मॅगझिन कुलूप लागल्यासारखे बंद होते. भरताना प्रत्येक वरचे काडतूस खालच्याच्या थोडे पुढे राहील असे सरकवावे आणि भरलेले मॅगझिन पाठीकडून तळहातावर आपटू नये.

किंमत हा सर्वांत दुखरा भाग. १९८६ पासून सामान्य नागरिकाला बंदूक आयात करता येत नाही, सवलत आहे ती मान्यताप्राप्त नेमबाजांना. स्पर्धा नसली की काय होते ते इथे दिसते. स्वातंत्र्यापूर्वीचे वेब्ली अँड स्कॉट आजही लाखांत विकले जाते, कारण परदेशी बनावटीचा साठा वाढतच नाही. रिव्हॉल्वर व पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेला. संडीला येथे वेब्ली आणि हिसारला टॉरसच्या भागीदारीतले खासगी कारखाने आल्याने निवड थोडी वाढली आहे, पण बोअर तेच. याच देशातली पोलीस दले मात्र परदेशी ग्लॉक पिस्तुले आणि एमपी-५ सबमशीनगन विकत घेतात. मुंबईचे ‘फोर्स वन’ पथक उभे राहिले ते अशाच खरेदीवर, आणि ती खरेदी गरजेचीच होती.

सेवा म्हणून परवाना

अर्ज ‘एनडाल-एलिस’ या केंद्रीय संकेतस्थळावर भरायचा, नमुना ए-१. त्याची छापील प्रत, छायाचित्रे, जन्मतारखेचा, ओळखीचा व निवासाचा पुरावा, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे आणि व्यसनाधीन नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र (एस-३), सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र (एस-१), हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, हे सारे सोबत. वय २१ पूर्ण हवे. परवाना मिळाला की एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो आणि राष्ट्रीय नोंदीत नाव चढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. मूळ विधेयक एकाच बंदुकीचे होते.

कागदावरची मुदत चांगली आहे: पोलीस ठाण्याचा अहवाल ३० दिवसांत, तो मिळाल्यावर निर्णय ६० दिवसांत. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा कलम १३ देते. ही मुभा अधिकारी वापरत नाहीत. शहरात अर्ज ठाणे, विशेष शाखा, परिमंडळ असा फिरतो आणि प्रत्येक टेबलावर नवा शेरा लागतो. अर्जदाराच्या हातात असलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तारीखवार पत्रव्यवहार. तिसावा दिवस उलटला की कलम १३ चा उल्लेख करून लेखी स्मरणपत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पुढे अपिलात हाच कागद कामी येतो.

अर्ज का अडतात? बहुतेकदा कारण मोघम लिहिल्यामुळे. ‘स्वसंरक्षणार्थ’ एवढ्या शब्दावर परवाना मिळत नाही. धोका कोणाकडून, कुठे, किती वाजता, कोणत्या कामामुळे हे लिहावे. निकाली निघालेला जुना गुन्हा लपवणे हे दुसरे कारण. तो पडताळणीत येतोच आणि मग नकार गुन्ह्यामुळे नव्हे, माहिती दडवल्यामुळे मिळतो. तिसरे, भाड्याचे घर आणि आधारवरचा जुना पत्ता. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते. तरीही प्राप्तिकराची विवरणपत्रे सर्रास मागितली जातात. ती द्यावीत, पण उत्पन्न कमी म्हणून अर्ज मागे घेऊ नये.

कायदा एका गटाशी मात्र उदार आहे. निदान २० इंची नळीची, आत आटे नसलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा पीक राखायला ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना ‘द्यावा’ असा कलम १३ चा शब्द आहे. पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठी अधिकाऱ्याला ‘योग्य कारण’ पटावे लागते. घराच्या संरक्षणासाठीच हत्यार हवे असेल तर १२ बोअरची दुनळी हा आमच्या मते कितीतरी चांगला सौदा आहे. कायद्याचा कल अर्जदाराकडे, यंत्रणा साधी, काडतूस सहज मिळणारे आणि ताकद .३२ च्या कितीतरी पट. लोक रिव्हॉल्वरच्या मागे लागतात ते प्रतिष्ठेपायी, आणि दोन वर्षे खर्ची घालतात.

रचनेतला एक दोष मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांत ठळक दिसतो. तिथे चौकशी करणारेही पोलीस आणि निर्णय देणारेही पोलीस. रत्नागिरी किंवा लातूरच्या ग्रामीण भागात चौकशी पोलिसांची, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. एकाच कायद्याखाली दोन अर्जदारांना दोन वेगळ्या दर्जाचा न्याय मिळतो. २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात ८४ हजार. आपल्याकडे हात आखडता आहे, याबद्दल तक्रार नाही. फक्त तो सर्वांसाठी सारखा आखडता असावा.

सराव, आणि गोळी सुटल्यानंतर

एस-१ प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात हाताळणी, साठवण, वाहतूक, गोळीबाराचे तंत्र आणि कायद्याची ओळख असे सगळे आहे. पण ते एकदाच. पाच वर्षांनी नूतनीकरण होते तेव्हा परवानाधारकाला मधल्या काळात एकदाही निशाणा साधता आला का, हे कोणी विचारत नाही. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील ते लिहिलेले असते, आणि त्यात जपून ठेवायचा साठा व सराव दोन्ही भागवायचे. वरून सर्वसामान्यांना खुल्या असलेल्या फायरिंग रेंज मोजक्या. परिणाम असा की हत्यार आहे, पण हाताला सवय नाही. घरातल्या इतरांना धोका इथूनच सुरू होतो.

पोलिसांकडे हे चित्र उलटे असायला हवे होते. शिपायाला हत्यार शस्त्रागारातून नोंदवहीत सही करून मिळते, गोळ्या मोजून मिळतात आणि परत करताना त्यांचा हिशेब द्यावा लागतो. हिशेबाची ही शिस्त नागरिकांच्या कोणत्याही नियमापेक्षा कडक आणि चांगली आहे. सरावाची तशी नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या सरावातली आणि दारूगोळ्यातली उणीव नोंदवली. त्या रात्री रेल्वे स्थानकावर .३०३ घेतलेले शिपाई एके-४७ समोर होते आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. कायद्याने दिलेली सूट आणि प्रत्यक्ष हातात पडणारे साधन यांत एवढे अंतर असेल, तर ‘पोलिसांना सगळे मिळते’ हे विधानही खरे नाही.

गोळी सुटल्यानंतर काय होते, तो भाग सर्वांत महत्त्वाचा. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो नागरिक व पोलीस दोघांना सारखा आहे. हल्ला परतवण्यापुरताच बळाचा वापर, ही अटही सारखीच. फरक पुढे पडतो. नागरिकाने गोळी झाडली की हत्यार मुद्देमाल म्हणून जप्त होते, कलम १७ खाली परवाना निलंबित होऊ शकतो आणि खटला संपेपर्यंत दोन्ही परत मिळतील याची खात्री नसते. म्हणजे धोका खरा ठरला त्याच दिवसापासून संरक्षण संपते. पोलीस अधिकाऱ्यावर कर्तव्याच्या संदर्भात खटला चालवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली सरकारची पूर्वमंजुरी आड येऊ शकते, आणि जप्त हत्याराच्या जागी शस्त्रागारातून दुसरे मिळते.

हे अंतर कमी करणारा सर्वांत ठोस दस्तऐवज महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आला. ‘पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये चकमकींसाठी १६ सूचना दिल्या: गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, संबंधित अधिकाऱ्यांनी हत्यारे न्यायवैद्यक तपासणीसाठी द्यायची, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्य पुरस्कार द्यायचा नाही. या सूचना कागदावर राहू नयेत, ही मागणी शस्त्र परवानाधारकांनीही तितक्याच जोरात करायला हवी. आपल्या गोळीचा हिशेब जितक्या काटेकोरपणे घेतला जातो, तितकाच दुसऱ्याच्याही गोळीचा घेतला गेला पाहिजे.

२०१९ च्या दुरुस्तीत चांगले कलम आहे ते लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडण्याविरुद्धचे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसाकडून हत्यार बळाने हिसकावल्यास किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. नागरिकाचे परवान्याचे हत्यार हिसकावणाऱ्यासाठी असे वेगळे कलम नाही, आणि असायला हवे. चोराच्या हाती गेलेली बंदूक कोणाची होती यावर तिचा धोका ठरत नाही.

निवडणुकीच्या काळात

आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याच्या नोटिसा येतात. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार सरसकट सर्वांची हत्यारे गोळा करायची नसतात. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, पूर्वी दंगलीत गुंतलेले असे परवानाधारक निवडते आणि त्यांच्याकडून जमा करून घेते. मुंबई उच्च न्यायालयानेही सरसकट वसुलीविरुद्ध याच दिशेने निर्णय दिला आहे. प्रत्यक्षात ठाण्यातून फोन येतो आणि सिंधुदुर्ग, गोव्यातले शेतकरी रानडुक्कर-माकडांच्या हंगामातही बंदूक नेऊन देतात.

अशा वेळी फोनवर विसंबू नये, लेखी आदेश मागावा. शेती संरक्षणाचा परवाना असेल तर उभ्या पिकाचा सातबारा व नुकसानीचे पंचनामे जोडून समितीकडे सूट मागता येते. जमा करावीच लागली तर नळीत व यंत्रणेवर तेलाचा जाड हात फिरवावा, चामड्याच्या म्यानातून काढून तेलकट कापडात गुंडाळावी, अनुक्रमांकासह छायाचित्रे काढावीत आणि पावतीवर ‘सुस्थितीत’ हा शब्द व काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. दमट मुद्देमाल खोलीत दोन महिने पडलेली बंदूक नळीत गंज घेऊन परत येते, आणि पावतीवर स्थिती नसेल तर भरपाई मागायला आधार उरत नाही. परवानगी मिळत असेल तिथे अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे भाडे देऊन ठेवणे हा जास्त चांगला मार्ग आहे. निकालानंतर परत घेताना ठाण्यातच नळीतून उजेडाकडे बघावे आणि डाग दिसला तर त्याच पावतीवर नोंद करून सही घ्यावी.